छातीतली वानगी

मोशीच्या फाट्यावर दुपारच्या एस.टी.तून दत्तोबा गुळव्या उतरला तो सरकारी कपड्यांत. निळ्या पट्ट्यांचा ढगळ सदरा, तसलाच लेंगा, पायात काही नाही आणि डोकं उघडं. या माणसाला गावानं पटक्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं. तो असा भर उन्हात कैद्यासारखा उभा राहिलेला बघून टपरीवरची माणसं आधी गप्प झाली आणि मग हसली. गावच ते, दुसरं काय करणार.

"काय तात्या, सुटलासा का पळून आलासा?" मालोजीनं बाकड्यावरूनच विचारलं.

दत्तोबाला उत्तर द्यायचं होतं, पण बोलायला श्वास लागतो. तो मैलाच्या दगडावर टेकला. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, खांदे वर ओढले आणि तोंड उघडून हवा ओढत राहिला. मानेच्या शिरा दोरीसारख्या टरारल्या होत्या. बघणाऱ्याला वाटावं, याच्या छातीत हवा शिरतच नाही. खरं म्हणजे छाती पिंपासारखी फुगून बसली होती आणि जुनी हवा बाहेर पडल्याशिवाय नवीला जागा नव्हती. कंडक्टरनं तर त्याला येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळातला समजून पुढच्या सीटवर आपल्या नजरेसमोर बसवलं होतं. तिकिटाचं नावही काढलं नव्हतं. वेड्याशी हुज्जत कोण घालणार?

"पळून आलो," दत्तोबा अखेर म्हणाला. "भ्यालो आन् आलो."

एवढं सरळ बोलल्यावर हसायला काही उरलं नाही. मालोजीनं उठून त्याला चहा आणून दिला.

मागच्या गाडीनं सावित्रीबाई उतरली. काखेत गाठोडं, हातात नवऱ्याच्या वहाणा. तिनं आधी पटका काढून त्याच्या डोक्यावर ठेवला, वहाणा पायाशी टाकल्या आणि मग भांडायला सुरुवात केली.

"अवं, मी खाली जाऊन च्या घिऊन वर येतीय, तर तपासायच्या खोलीत न्हाई आन् खाटबी मोकळी! वार्डातल्या नर्सबाईला ठावं न्हवतं, ती म्हनली, बाबा संडासला गेलं असतील. म्या समदं संडास हुडकलं. बाप्यांचंबी! लाज न्हाई वाटली मला सोडून यायला?"

"वाटली की."

"मग?"

"लाज वाटून काय करू? त्या खोलीत जीव जात हुता माझा."

नवऱ्याचे ओठ जांभळे पडलेले सावित्रीबाईला दिसले. भांडण घरी नेता येतं, असा विचार करून तिनं त्याचा दंड धरला. फाट्यापासून घर हाकेच्या अंतरावर होतं. दत्तोबाला ते वाटेत चार-दोन ठिकाणी टेकत, लोकांच्या ओट्यांवर बसत गाठावं लागलं.

दत्तोबाचं सगळं आयुष्य धुरात गेलं होतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो गुऱ्हाळावर. आधी काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारायची, मग काहिलीत उकळणाऱ्या रसावरची मळी काढायची, असं करत करत तो पंचक्रोशीतला नावाजलेला गुळव्या झाला. त्यानं उतरवलेली काहील कधी कच्ची राहिली नाही आणि कधी करपली नाही. इंद्रायणीच्या काठानं चऱ्होलीपासून चिखलीपर्यंत त्याला बोलावणी यायची. चुलवाणाच्या धुरात उभं राहायचं आणि जरा बाजूला झालं की विडी पेटवायची. म्हणजे धुरातून धुरात. त्याचा हिशेब छातीनं ठेवला. आता सदरा चढवताना दम लागे, वाकून वहाण घालताना दम लागे. आणि दम लागला की भीती वाटे, भीती वाटली की आणखी दम लागे. हे दुसरं दुखणं पहिल्यापेक्षा वाईट होतं. पहिल्याला निदान बाटलीतलं औषध होतं.

त्यात पुण्याच्या मोठ्या इस्पितळात छातीचा एक्स-रे फोटो काढला, तर उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ दिसली. डॉक्टर बेडेकर तरणे होते, पण माणूस सरळ. त्यांनी काही लपवलं नाही.

"दत्तोबा, फोटोत नुसती सावली दिसते. सावली बघून औषध देता येत नाही. क्षय असेल तर इंजेक्शनं-गोळ्यांनी बरा होईल. दुसरं काही असेल तर विजेचे शेक देता येतील. पण आधी कळलं पाहिजे. सुई घालून आतला एक तुकडा काढायचा. तुमची फुप्फुसं नाजूक झालीत, सुईच्या भोकातून हवा सुटायची भीती आहे. तसं झालं तर नळी घालू. मी खोटं सांगणार नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर काढू दिला असता."

दत्तोबानं मान डोलावली होती. मग त्याला कपडे बदलून त्या खोलीत नेलं. खिडक्यांना काळे पडदे. सुई कुठं जाते ते दाखवणारा फोटोचा पडदा उजेडात दिसत नाही, म्हणून दिवाही मालवला. दार लागलं. उताणा निजायची सवय मोडलेल्या माणसाला उताणा निजवलं आणि छातीवर ते यंत्र खाली येऊ लागलं. त्यानंतर दत्तोबाला आठवतं ते एवढंच की तो जिना उतरत होता आणि कुणीतरी मागून "बाबा, बाबा" करत होतं.

रंगराव भोसरीच्या कंपनीतून पहिली पाळी करून आला, तेव्हा बाप ओट्यावर पोत्यांना टेकून बसलेला. रंगरावचा राग खरा होता. बापाला भरती करायला त्यानं सुपरवायझरच्या हातापाया पडून आदल्या दिवशी सुट्टी घेतली होती.

"दादा, ल्हान पोरासारखं काय ह्ये? कंपनीत समद्यांना सांगून बसलोय मी, बापाचं आप्रेशन हाय म्हनून."

"आप्रेशन न्हाई त्ये. तुकडा काढायचाय."

"मग तर झालंच. येवढासा तुकडा!"

दत्तोबानं लेकाकडे पाहिलं. मग बोलायला सुरुवात केली, दोन शब्द, थांबा, पुन्हा दोन शब्द.

"वडाखालचं रान... आठवतंय का तुला? आदी मानूस आला... म्हनला, रस्त्याला तुकडा पायजे. बांधाकडचा. येवढासा. मी म्हनलं, घ्या. दुसऱ्या साली... मधला तुकडा. मग हीर. आता तितं कुंपन हाय... आन् दारावर गुरखा हाय. मला इच्यारतो... कुनाला भेटायचंय?" तो थांबला, खोकला, पदरी पडलेली थोडी हवा जपून खर्चली. "सरकार तुकडा मागतं... तवा त्याला समदं पायजे असतंय. ती इस्पितळंबी सरकारीच."

त्याच कुंपणाच्या आत रंगराव लेथवर उभा राहायचा. त्याच विहिरीवरच्या टाकीचं पाणी प्यायचा.

तेवढ्यात मालोजी विचारपूस करायला आला आणि त्यानं आपल्या परीनं भर घातली. "गाठीला लोखंड लावू नये, तात्या. लोखंड लागलं की गाठ पिसाळती. आमच्या मावळनीचं तसंच झालं."

"तुमच्या मावळनीला गाठ न्हवती, मालोजीभावजी," सावित्रीबाई आतून म्हणाली. "तिला कावीळ हुती. च्या घ्या आन् जावा घरला."

दिवेलागणीला दत्तोबाला पुन्हा धाप लागली. काही कारण नव्हतं. उंबऱ्यात सावली लांबत आली, घरातला कोपरा काळा झाला आणि त्याच्या काळजात धडधड सुरू झाली. सावित्रीबाईनं पाठ चोळली, गरम पाणी पाजलं. तो तिच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून बसला. लेकासमोर, सुनेसमोर. धाप बसल्यावर त्यानं पदर सोडला आणि कुणाकडे न बघता भिंतीकडे तोंड केलं. त्याला स्वतःची चीड आली होती. ज्या माणसाच्या एका शब्दावर सहा गडी उकळती काहील उचलतात, त्या माणसानं बाईचा पदर धरावा, हे त्याला सोसत नव्हतं.

मार्गशीर्ष लागला होता आणि अण्णासाहेबांचं गुऱ्हाळ नदीकाठी जोरात चालू होतं. काहिलीवर आता साहेबराव होता. दत्तोबाच्याच हाताखाली तयार झालेला, दोन पोरांचा बाप झाला तरी काहील उतरवायची वेळ आली की घाबरा व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं निरोप धाडला, नवा ऊस आलाय, रस वेगळा वाटतोय, तात्यांनी नुसतं येऊन बसावं. बैलगाडीही धाडली. दत्तोबा गेला. घरात बसून भिंत बघण्यापेक्षा ते बरं होतं.

त्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आंब्याखाली बाजेवर बसवलं. तिथवर धूर येत नव्हता. इंजिनावरचा चरक थाडथाड चालला होता. उसाच्या मोळ्या तोंडाशी लावणाऱ्या बायांचे हात पाचटानं ओरबाडलेले, पाय चिकट्यानं काळे झालेले. खाली चुलवाणाच्या तोंडाशी दोन गडी उघड्या अंगानं वाळलं चिपाड आत सारत होते. रस तापला, मळी वर आली, ती झाऱ्यानं काढून झाली. मग उकळीचा आवाज बदलला. दत्तोबाला तो बाजेवरून कळला. त्याची मान आपसूक वर झाली.

साहेबराव काहिलीच्या कडेवरून ओरडला, "तात्या, रंग आलाय सोन्यासारखा! उतरवू का?"

दत्तोबानं हात हलवला. ओरडायला त्याच्याकडे श्वास नव्हता. साहेबराव पळत जवळ आला.

"रंगावर जाऊ नगं," दत्तोबा म्हणाला. "रंग फशिवतो. वानगी आन."

साहेबरावनं फळीच्या टोकावर उकळता पाक घेतला, गार पाण्याच्या वाटीत सोडला आणि वाटी घेऊन आंब्याखाली आला. दत्तोबानं पाण्यात बोटं घातली. पाक बोटांत गोळा होईना, विरघळून गेला.

"ही गेली. दुसरी आन."

दुसरी आणली. ही गोळा झाली, पण मऊ. तिसरीला त्यानं गोळी करून वाटीच्या काठावर टाकली, टणकन आवाज आला. "हां! उतरवा!" तो म्हणाला, आणि साहेबराव ते ओरडत मागे पळाला. सहा गड्यांनी काहील उचलली आणि गूळ गार करायच्या वाफ्यात पालथी केली. वाफेनं सगळी माणसं दिसेनाशी झाली. गुळाचा वास नदीपर्यंत गेला असेल.

सावित्रीबाई भाकरी घेऊन कधीची येऊन उभी होती. तिनं फडकं सोडलं, भाकरी मोडून पुढ्यात ठेवली, आणि मग अगदी सहज विचारलं, "का वो, त्यो साहेबराव समदी काहीलच का आनत न्हाई हितं?"

"येडी का काय तू? उकळती काहील... कशाला आनंल कोन?"

"मग तुमाला कळतंय कसं?"

"वानगीवरनं. येवढुशी वानगी... बघितली की समद्या काहिलीचं कळतं."

"आन् उरलेली काहील? ती कुनी नेली?"

"कोन नेनार? हाय तितंच हाय."

"मग त्यो डाक्टर येगळं काय मागतोय?" सावित्रीबाई म्हणाली.

दत्तोबाचा घास हातात राहिला. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती कांदा फोडत होती.

"त्यो तुकडा म्हनला," तो म्हणाला.

"त्यो पुन्याचा. त्याला शबुद गावला न्हाई. तुमी तरी काय इच्यारलं न्हाई."

"काहिलीला दुखत न्हाई."

"तुमाला दुखंल. न्हाई कोन म्हनतंय? मला पाच बाळंतपनं झाली, मी कवा गाडीत बसून पळून गेले का?"

दत्तोबा हसला. हसल्यावर खोकला आला, खोकल्यावर डोळ्यांत पाणी आलं, पण तो हसतच राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आन् त्या अंधाराचं काय?"

"त्याला मी काय करू? त्यो तुमचा तुमी बघा," सावित्रीबाई म्हणाली. खोटा धीर द्यायची तिला सवय नव्हती. तिच्या डोळ्यांत मात्र काळजी भरून आली होती आणि ती लपवायला तिनं तोंड नदीकडे केलं.

त्या आठवड्यातच दोघं पुन्हा पुण्याला गेली. सरकारी कपडे सावित्रीबाईनं नीळ घालून धुतले होते. इतके स्वच्छ की ते इस्पितळाचे वाटेनात. वॉर्डातल्या कुसुमताई नर्स जुन्नरकडच्या. त्यांनी कपड्यांकडे पाहिलं, मग दत्तोबाकडे.

"आलात का बाबा? या वेळी जिन्याला कुलूप लावते."

"लावा. किल्ली हिच्याकडं द्या," दत्तोबा म्हणाला.

कुसुमताई खाटेशी बसल्या. "हे बघा, माणूस घाबरला की भराभरा श्वास आत घेतो. तुमचं दुखणं घेण्यातलं नाही, सोडण्यातलं आहे. छाती आधीच भरलेली, त्यात आणखी कोंबताय. आधी सोडा. चूल फुंकता ना, तसे ओठ करा, पण हळू. राखसुद्धा उडता कामा नये."

दत्तोबा त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी तेच करत बसला. राख न उडवता फुंकायचं. जमलं की छातीतला दगड जरा हलायचा. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा विचारी, काय मंत्र म्हणताय का? दत्तोबा मानेनंच हो म्हणे.

डॉक्टर बेडेकर आले तेव्हा तो उठून बसला. "डॉक्टर, तुकडा म्हनू नगा. वानगी म्हना."

डॉक्टरांना आधी कळलं नाही. मग ते हसले. "वानगी तर वानगी. चला."

खोली तीच होती. तेच काळे पडदे. टेबलावर दोन उशा टाकून त्याला उताणा निजवलं, छातीला बधिर करायची सुई टोचली. दार लागलं, दिवा गेला. यंत्राचा पडदा खाली आला, इतका की नाकाला काचेचा गारवा लागला. दत्तोबाच्या कानशिलात घण पडू लागले. त्यानं ओठ मिटत आणले आणि फुंकलं. कुसुमताईंचा हात त्याच्या पावलावर होता.

"आता श्वास रोखा. खोकायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यानं रोखला. फासळ्यांमधून कुणी अंगठा दाबून आत घालावा तसं झालं. दुखलं, पण सावित्रीबाई म्हणाली होती त्याहून जास्त नाही. मग अंगठा निघाला. "सोडा," डॉक्टर म्हणाले. त्यानं सोडला. झालं होतं! पडदा वर गेला, दिवा लागला तेव्हा दत्तोबाला त्या पिवळ्या दिव्याची सुद्धा माया आली.

डॉक्टर बाटली उजेडाकडे धरून बघत होते. बराच वेळ बघत होते.

"दत्तोबा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पडलेला होता. "नुसतं रक्त आलंय. वानगी नीट आली नाही. पुन्हा एकदा घालावी लागेल."

दत्तोबा ताडकन उठून बसला. एकदा, मग पुन्हा एकदा. बांधाकडचा तुकडा, मग मधला तुकडा, मग विहीर. छाती भरून आली, जड झाली, बोटं बधिर पडली, कानात इंजिन सुरू झालं. पाय टेबलाखाली लोंबले आणि जमीन शोधू लागले. कुसुमताईंनी त्याच्या पाठीला हात लावला. तो त्यानं झटकला.

"जबरदस्ती नाही," डॉक्टर म्हणाले. "आज नको तर नको. दार उघडा रे."

दार उघडलं. बाहेर बाकावर सावित्रीबाई त्याचा पटका मांडीवर घेऊन बसली होती. ती उठली नाही, ये म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. तिच्यामागे जिना होता. या वेळीही त्याला कुलूप नव्हतं.

दत्तोबा दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसून राहिला. फुंकत राहिला. मनात तो घाबराघुबरा विचार करत होता, पण विचार करत होता. पाण्यात विरघळली ती वानगी काय मोजायची? आपण साहेबरावला काय म्हणालो होतो? ही गेली, दुसरी आन. आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, साहेबरावला नाही आणि काहिलीला तर नाहीच. हा माणूस दुसरं काही मागत नव्हता. पहिलंच अजून त्याच्या हाताला लागलं नव्हतं. आता उठून गेलो तर गाठ छातीत घेऊन जाणार, आणि रोज दिवेलागणीला ती काय असेल ते भिंतीला विचारत बसणार.

"लावा दार," तो म्हणाला.

"नक्की?"

"लावा. पर या बारीला... मी सांगीन तवा सुई घालायची. मी हां म्हनीन. त्याच्या आदी न्हाई."

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "चालेल. पण श्वास पूर्ण रोखल्यावरच हां."

"हां म्हनून मंग रोकीन. एकाच येळी दोन्ही कसं करू?"

तो स्वतःच आडवा झाला. उशी स्वतः सारखी केली. दार लागलं, दिवा गेला, पडदा खाली आला. अंधार जसाच्या तसा होता, जरासुद्धा कमी झाला नव्हता. दत्तोबानं ओठ मिटत आणले. पहिली फुंकर थरथरत गेली. दुसरी जरा बरी. कुणी बोलत नव्हतं. यंत्र गुणगुणत होतं. डॉक्टर सुई धरून त्याच्या शब्दाची वाट बघत उभे होते, आणि हे दत्तोबाला अंधारातही स्वच्छ कळत होतं. धडधड होती, पण ती आता मागे, चरकाच्या आवाजासारखी, चालू राहिली तरी चालण्यासारखी. आणखी एक फुंकर. अजून नाही.

"दत्तोबा?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. त्यांचा हात अवघडला असावा.

"दम धरा की, डॉक्टर," दत्तोबा म्हणाला. "तुमच्याकडं लई हाय."

अंधारात कुणीतरी फिसकन हसलं, बहुधा कुसुमताई, आणि पुन्हा शांत झालं. दत्तोबानं जाईल तेवढी हवा सोडली, राख न उडवता, अगदी सावकाश. मग निम्मी आत घेतली, जास्त नाही.

"हां," तो म्हणाला. "घाला."